इंदरगंजातील घराचे शेवटचे दिवस

झांशी सुटावी, दतियाचा जुना राजवाडा खिडकीतून मागे सरावा, की ग्वाल्हेर जवळ आल्याची खूण आम्हां भावंडांना लहानपणापासून पटत आली आहे. यंदा दसरा उरकून आम्ही दोघे भाऊ सपत्नीक भोपाळहून निघालो, तेव्हा वाट तीच होती, डब्यात दशम्या आणि चटणीही नेहमीचीच होती. मात्र पिशवीत चाव्यांच्या जुडग्याशेजारी कागदांची एक जाड फाइल होती. इंदरगंजातील आजोबांचे घर विकावयाचे ठरले होते.

लष्कर हे नावाप्रमाणेच मूळचे लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि मग तो कधी हललाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती पेठा वसल्या. आजही दौलतगंज, जनकगंज, माधवगंज ही नावे शिंद्यांच्या पिढ्या मोजतात. रिक्षावाला 'निंबालकर की गोठ' किंवा 'चिटनीस की गोठ' म्हणतो, तेव्हा ती 'गोठ' म्हणजे आपल्या मराठीतला 'गोट', फौजेचा तळ, हे त्याच्या गावीही नसते. जिनसी नाला म्हणताना तोफखान्याची आठवण कोणाला होते? तळ देणाऱ्यांचे वंशज पांगले, नावे तेवढी मागे राहिली.

ते पांगले कसे, हे आमच्याच घराच्या कथेत दिसते. आजोबा संस्थानच्या हिशेब खात्यात होते. त्यांनी १९३१ साली हे घर बांधले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तरी ग्वाल्हेरला हिवाळी राजधानीचा मान राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. महालेखापालांचे कार्यालय, महसूल मंडळ अशी काही कार्यालये ग्वाल्हेरला राहिली. पण वडिलांची फाइल भोपाळला गेली, आणि फाइलीमागून तेही गेले. काका नोकरीनिमित्त पुण्यास गेले. घर मात्र जागच्या जागी उभे होते, आम्ही उन्हाळ्यात परत येऊ या भरवशावर.

कुलूप काढले तेव्हा आत बंद घराचा तो ओलसर, जुन्या कागदांसारखा वास होता. ग्वाल्हेरकडची जुनी घरे दगडाची. भिंती दगडाच्या आणि छतही दगडी पटियांचे. पटिया जेवढी लांब, तेवढीच खोलीची रुंदी. म्हणून आमच्या खोल्या अरुंद आणि लांबट, एकापुढे एक लावलेल्या. मधोमध चौक, चौकात तुळशीवृंदावन, ओसरीवर झोपाळ्याच्या पितळी कड्या, माडीच्या खिडकीला कोरीव दगडी जाळी. गच्चीवर गेले की उत्तरेस सारा किल्ला आडवा पसरलेला दिसे. आता मध्ये तीन उंच इमारती आल्या आहेत. त्यांच्या फटीतून तटाचा तुकडा तेवढा दिसतो.

विक्रीसाठी घर सिद्ध करणे म्हणजे मुलीला दाखवण्यासाठी सजवण्यासारखेच, असे आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, आणि त्या बोलण्यात थोडा कडवटपणा होता. पहिला आठवडा उपसण्यात गेला. दोन खोल्या भरून निघालेल्या वस्तूंचे आम्ही चार ढीग केले: न्यावयाचे, नातलगांना द्यावयाचे, विकावयाचे आणि कोणालाच नको असलेले. चौथा ढीग सर्वांत मोठा झाला, हे मान्य करताना जीभ जड होते. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या त्यातच होत्या. एकीत १९३१ च्या गवंड्याची मजुरी पै-पैने मांडलेली निघाली, ती वही आम्ही हळूच पहिल्या ढिगात सरकवली.

दुसऱ्या आठवड्यात गवंडी आला. माजघराच्या मागील भिंतीला कमरेइतकी ओल होती. वीस वर्षांपूर्वी आम्हीच तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवून घेतला होता. गवंड्याने बोटाने तो ठोकला. चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते, तिच्यावर सिमेंट थापले की आतले पाणी आतच कोंडते आणि वर चढते, हे त्याने आम्हांस समजावले. उपाय दोन होते. गिलावा उतरवून भिंत वाळू द्यावी आणि पुन्हा चुना-सुरखीचा हात द्यावा. त्यास वेळ हवा. किंवा वरून रंग मारावा. मग होळीपर्यंत तरी काही दिसणार नाही. मध्यस्थाचे मत अर्थातच दुसऱ्या उपायाकडे होते. "साहब, दिखता है वही बिकता है," हे त्याचे ब्रीदवाक्य.

त्या रात्री आम्ही चौघे ओसरीवर बराच वेळ बोलत बसलो. घर विकावे, पण आजोबांच्या नावावर लबाडी विकू नये, असे ठरले. छताच्या पटियांच्या सांधी भरल्या, नळ-दिवे नीट केले, दर्शनी भागास चुना दिला. ओलीची भिंत मात्र उघडी ठेवली. येणाऱ्यास ती आधी दाखवावयाची आणि दुरुस्तीचा खर्च किमतीत धरावयाचा. पुढील खणात चाळीस वर्षांपासून भाडेकरू आहे, त्यास १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाचे संरक्षण आहे, हेही सांगावयाचे. दडवलेला दोष घेणाऱ्यास आज ना उद्या सापडतोच, आणि मग भांडण घराशी होत नाही, घराण्याशी होते.

खरे काम कागदांचे होते. ज्या वाचकांचे असे एखादे घर मागे राहिले आहे, त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. नगर निगमच्या दप्तरात मालक म्हणून अजून आजोबांचेच नाव होते. १९६८ मध्ये ते गेले, तरी नामांतरण करण्याचे कोणास सुचले नव्हते. थकलेला संपत्तिकर भरला, मृत्यूचे दाखले जमवले, वारसांची यादी केली. अमेरिकेतील चुलतभावाने भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र पाठवले. असा कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मुद्रांक शुल्काचा हिशेब ठरलेली किंमत आणि कलेक्टर गाइडलाइनची किंमत यांपैकी अधिक असेल तिच्यावर होतो. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवशीचे मूल्य धरून भांडवली नफा काढता येतो, म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेतला. मुहूर्ताचाही हिशेब होताच. पितृपक्षात इकडे कोणी घर पाहत नाही आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास. म्हणजे दसऱ्यापासून जेमतेम दोन महिने हाती.

वारसांच्या यादीत तिसरे नाव आत्याचे होते.

चुलतभावाचा फोन आला, "आत्याकडून हक्कत्याग लिहून घ्या, म्हणजे काम सोपे होईल. ती कुठे काही मागते आहे?" हे तो दुष्टपणाने बोलला नाही. आमच्या घरात आजवर सारेच असे धरून चालले होते. परंतु घर आजोबांनी स्वतः कमावलेले, मृत्युपत्र नाही. तेव्हा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आजोबा गेले त्याच दिवशी दोन मुलांइतकाच तिसरा हिस्सा मुलीचा झाला होता. आजी त्यांच्याआधीच गेली होती. इतकी वर्षे आत्या आपल्याच घरी पाहुणी म्हणून येत होती, आणि निघताना आई तिची ओटी भरत होती.

आत्या ब्याऐंशी वर्षांची. लष्करातच, माधवगंजात, मुलाकडे राहते. आम्ही तिला रिक्षाने घेऊन आलो, ओसरीवर बसवले आणि सारे समजावून सांगितले: हक्कत्याग म्हणजे काय, सही केल्यास काय जाईल, न केल्यास काय मिळेल. ती बराच वेळ चौकाकडे पाहत होती. मग म्हणाली, "अरे, मला कोणी हे विचारलंच नव्हतं. मी माझा वाटा घेणार. मुलगा-सून चांगले आहेत, पण औषधाच्या गोळ्यासुद्धा मागून आणाव्या लागतात रे."

आम्ही मान खाली घातली. आजोबांच्या वहीत गवंड्याची मजुरी पै-पैने लिहिलेली होती. मुलीचा वाटा मात्र कोणीच मांडला नव्हता.

दिवाळीनंतर दोन ग्राहक खरे निघाले. एक शिक्षक दांपत्य, संगीताची आवड असलेले. माडीवरची जाळी पाहून बाई हरखल्या; घर आहे तसेच ठेवून राहण्याची त्यांची इच्छा होती. दुसरे दाल बाजारातील धान्याचे व्यापारी. ओलीची भिंत आम्ही त्यांना मोठ्या प्रामाणिकपणाने दाखवली, तेव्हा ते सौजन्याने हसले आणि म्हणाले, "भाई साहब, मकान तो गिराना ही है." त्यांना जमीन हवी होती, बाजारालगतची. भाडेकरूशी बोलणे तेच करणार होते. त्यांची रक्कम शिक्षकांच्या रकमेहून बरीच अधिक होती.

आमचा कल कोणीकडे होता, हे सांगावयास नको. कमी घेऊ, पण घर राहील, असे आम्ही आत्यास उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे विचारले, "तुमच्या वाट्यातलं कमी घ्याल, ते तुमचं. पण माझ्या वाट्यातलं का कमी करता? भिंती राखायच्या होत्या, तर इतकी वर्षं राहायला का नाही आलात?"

ह्यास उत्तर नव्हते. तिची तूट आम्ही भरून देऊ, असा विचार आम्ही रात्रभर केला. पण दोघेही निवृत्तिवेतनावर आणि चुलतभाऊही कमी घेण्यास तयार नाही. घर राखण्याची आमची इच्छा खरी होती, परंतु तिची किंमत दुसऱ्याने द्यावी अशीच होती. सकाळी आम्ही व्यापाऱ्यांकडे होकार कळवला. इकडे ज्याला बयाना म्हणतात तो, आपला विसार, बँकेमार्फत घेतला. करारात दोन ओळी आग्रहाने घातल्या: देवघराची चौकट, झोपाळ्याच्या कड्या आणि माडीची दगडी जाळी आम्ही काढून नेऊ. तोंडी ठरलेले रजिस्ट्रीच्या दिवशी कोणास आठवत नाही, म्हणून लिहिलेले बरे. जाळी शिक्षकांच्या घरी गेली. बाईंनी किंमत विचारली, ती आम्ही घेतली नाही.

रजिस्ट्री खरमासापूर्वी झाली. दस्त आता संगणकावर तयार होतो, छायाचित्र आणि बोटांचे ठसेही यंत्रच घेते. आत्याचा ठसा म्हातारपणामुळे पुसट झालेला. यंत्राने तो दोनदा नाकारला, तिसऱ्या वेळी घेतला. "बघा, ओळखलं मला," ती हसून म्हणाली. तिच्या नावाचे बँकेतले पहिले खाते त्याच आठवड्यात उघडले होते.

चाव्या दिल्यावर आम्ही इंदरगंजच्या चौकात उभे राहिलो. थंडी पडू लागली होती, हातगाड्यांवर गजक आली होती. आत्याने आपल्या पैशाने पाव किलो घेतली आणि आम्हां दोघां साठी उलटलेल्या भाच्यांच्या हातांवर एकेक तुकडा ठेवला. घर राहिले नाही, याचे दुःख आहेच. पण त्या घराचा ऐंशी-नव्वद वर्षांचा हिशेब एकदा तरी पुरा मांडला गेला, एवढे समाधान घेऊन आम्ही भोपाळची गाडी धरली. तुळशीचे रोप मांडीवर होते.