अर्धं कळलेलं पुस्तक

नाथमाधवांची 'वीरधवल' मला शिरूरला माहेरी, अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पानं गायब. दोन रात्रींत वाचून संपवली आणि दौंडला परतताना पिशवीत टाकली.

दौंडला मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या मुली बाजारात, स्टेशनवर, एसटीत मराठीत कुठे अडत नाहीत. पण मराठी पुस्तक हातात दिलं की त्यांचा चेहरा उतरतो. दहावीनंतर मराठी कॉलेजात जायचं म्हटलं की काही जणी कच खातात, आणि घरचे लगेच म्हणतात, "बस झालं शिक्षण." म्हणून शनिवारी शेवटच्या तासाला मी नववीच्या मुलींना 'वीरधवल' वाचून दाखवू लागले.

ही कादंबरी 1913 सालची. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (1882-1928). तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले असता ते कड्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग लुळं झालं. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली. हे ऐकून वर्ग क्षणभर गप्प झाला.

मग कारस्थानं, रहस्यं, अद्भुत प्रसंग यांत मुली बुडाल्या. एक म्हणाली, "ये तो तिलिस्म है आपा, मेरी नानी सुनाती वैसा!" दुसरीला राग आला. लेखकाला सगळं ठाऊक असून तो मुद्दाम लपवतो, ही तिची तक्रार. शेवटच्या बाकावरची एक अबोल मुलगी मात्र हळूच म्हणाली, "मराठी किताबां में मेरेकू हमेशा आधाच समझता. इसमें तो सबकू आधाच समझता."

मी चमकले. बी.एड.ला अध्यापनाच्या किती पद्धती शिकले, पण ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. परक्या वाटणाऱ्या भाषेतलं प्रत्येक पुस्तक मुलाला कोड्यासारखंच असतं. फक्त त्याला वाटतं, कोडं आपल्या एकट्यालाच पडलंय. रहस्यकथेत सगळेच अंधारात. पहिली पानं नसल्यामुळे मीसुद्धा! तिथे न कळण्याची लाज उरत नाही. पुढे काय होतं, एवढीच ओढ उरते.

नानीच्या गोष्टींचं मूळही जवळचंच आहे. 1883 पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्याने उर्दूत 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड छापले. 1888 मध्ये देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' हिंदीत आली, तिच्यात तिलिस्म आणि ऐयार हे शब्दही तिकडूनच आले. 'चंद्रकांता' वाचण्यासाठी कित्येक उर्दू वाचक नागरी लिपी शिकले, असं सांगतात. भाषेच्या वेशीवरून रहस्य असं कधीचं ये-जा करतं आहे. आपणच पहारा बसवतो.

वाचन संपल्यावर त्या अबोल मुलीने पुस्तक घरी मागून नेलं. महिन्याने परत आणलं तेव्हा समासात पेन्सिलीने उर्दूत शब्दांचे अर्थ लिहिलेले होते. सुरुवातीला पान भरून, मग तुरळक, शेवटी कोरं.

"पुढे का नाही लिहिलेस?" मी विचारलं.

"टाइमच नहीं था आपा. आगे क्या हुआ, देखना था."

यंदा ती अकरावीला आहे, मराठी माध्यमात. परवा रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "आपा, दुसरी किताब?" या सुट्टीत मी अब्बांची पेटी पुन्हा उघडणार आहे.