ओबरकासेलचे पिल्लू

जर्मनीतल्या बॉन शहरात गेलेला माणूस बहुधा बिथोव्हेनचे घर बघतो, ऱ्हाईनच्या काठाने एक चक्कर मारतो आणि कोलोनचे कॅथेड्रल गाठायला गाडी पकडतो. जावयांनी आमच्यासाठीही तोच बेत आखला होता. मी मात्र रेल्वे स्टेशनाजवळच्या लांडेस म्युझियमचा हट्ट धरला. निअँडरथल माणसाची जगप्रसिद्ध हाडे तिथे आहेत, हे एक कारण. दुसरे कारण ऐकून लेक हसली. मला एक कुत्रा बघायचा होता!

नदीच्या पलीकडे, शहराच्याच हद्दीत ओबरकासेल आहे. ट्रामने जाता येते. मागे डोंगराचा उतार आणि त्यात बेसाल्टची जुनी खाण. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड तो हाच, त्यामुळे मला तिथे मुळीच परके वाटले नाही. फेब्रुवारी १९१४ मध्ये या खाणीतल्या मजुरांना दगडांखाली दोन सांगाडे सापडले. एक पुरुष आणि एक तरुण स्त्री. भोवती तांबडा गेरू, जवळ हाडाच्या आणि शिंगाच्या कोरीव वस्तू. त्यांतच एका जनावराची काही हाडे होती. ती लांडग्याची असावीत असे समजून बाजूला ठेवली गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती पुन्हा तपासली, तेव्हा हा लांडगा नव्हे, पाळलेला कुत्रा आहे हे लक्षात आले. काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. शेतीचा पत्ता नाही, गाई-म्हशी नाहीत, आणि कुत्रा मात्र माणसाशेजारी पुरलेला.

२०१८ मध्ये ल्यूक यान्सेन्स या पशुवैद्याने सहकाऱ्यांसह त्याचे दात बारकाईने तपासले. पिल्लू मेले तेव्हा जेमतेम सात महिन्यांचे होते. त्याआधी, साधारण पाचव्या महिन्यात, त्याला डिस्टेंपर झाला असावा. आजाराच्या खुणा दातांच्या कवचावर आडव्या रेघांसारख्या उमटल्या आहेत. कोणी ऊब दिली नसती, पाणी पाजले नसते, घाण पुसली नसती, तर ते इतके दिवस जगलेच नसते, असे या मंडळींचे म्हणणे आहे. आमचा मोत्या याच रोगाने गेला. चमच्याने पेज भरवायची आणि ती बाहेर आली की गोणपाट बदलायचे, हे आईने नऊ दिवस केले. त्यामुळे हा निष्कर्ष मला पटवून द्यावा लागला नाही. आजारी पिल्लू शिकारीच्या काय उपयोगाचे? तरी कोणीतरी त्याच्यापाशी बसले होते. तिथे एक जास्तीची दाढही मिळाली आहे; ती दुसऱ्या, वयाने मोठ्या कुत्र्याची.

हे कुत्रे कुठून आले आणि जगभर कसे पसरले, हे नुसत्या हाडांच्या आकारावरून सांगणे कठीण. तिथे जुना डीएनए कामी येतो. कानाच्या आतले हाड फार टणक असते. त्याची चिमूटभर भुकटी पुरते. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज इथल्या ४,८०० वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचा जनुकसंच २०१६ मध्ये याच हाडातून वाचला गेला. २०२० मध्ये २७ प्राचीन कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की ११,००० वर्षांपूर्वीच कुत्र्यांची निदान पाच घराणी वेगळी झाली होती. पश्चिम आशियातले शेतकरी युरोपात गेले, तसे त्यांचे कुत्रेही गेले. पण पुढे गवताळ प्रदेशातले पशुपालक आले आणि युरोपातल्या माणसांचे रक्त बदलले, तेव्हा कुत्र्यांत तेवढा बदल झालेला दिसत नाही. माणसाची वंशावळ कुत्र्याला जशीच्या तशी लागू होत नाही, ही गंमत मला सगळ्यांत आवडली.

अमेरिकेची कथा खिन्न करणारी. तिथले मूळ कुत्रे सायबेरियाकडून गेलेल्यांचे वंशज. युरोपीय लोक आल्यावर ते जवळजवळ नामशेष झाले. त्यांच्या जनुकांशी सर्वांत जवळचे नाते आज आढळते ते कुत्र्याकडून कुत्र्याला लागणाऱ्या एका कर्करोगाच्या गाठीत, असे २०१८ मध्ये समजले. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना होते ती हीच गाठ.

आपल्याकडे उन्हाने डीएनए लवकर विरतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढीच्या ६१ मानवी नमुन्यांवर प्रयत्न केले, त्यांतल्या एकाच स्त्रीचा जनुकसंच हाती लागला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काश्मीरमधल्या बुर्झहोमला नवाश्मयुगातल्या माणसांसोबत पुरलेले कुत्रे सापडले आहेत. तिथली हवा थंड, म्हणून आशेला जागा आहे. आणि आपले मुधोळ? त्या सडपातळ शिकारी कुत्र्यांचे पूर्वज इराण-अरबस्तानातून आले असे सांगतात. २००५ मध्ये मुधोळच्या कुत्र्याचे टपाल तिकीटही निघाले. आता कोणाला विहीर खणताना एखादी जुनी कवटी सापडली, तर कृपा करून ती फेकू नका.