सीडी प्लेअर निवडताना

गेल्या दोन महिन्यांत घरात, स्टाफरूममध्ये आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर मिळून निदान वीस जणांनी मला विचारलं असेल, "आता सीडी प्लेअर? कशाला?" प्रश्न रास्त आहे. फोनवर सगळं मिळतं म्हणतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते.

अब्बांकडे साठेक सीडी आहेत. अब्बा गिरणी कामगार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडे जपानात पहिला सीडी प्लेअर विकायला आला. आमच्या काळाचौकीत तेव्हा संध्याकाळी चूल कशी पेटेल याचीच पंचाईत होती. पुढे अब्बांना फोर्टात वॉचमनची नोकरी लागली. पगार झाला की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचे, तासभर ऐकायचे आणि जमलं तर एखादी सीडी घ्यायचे. ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. आमचा जुना प्लेअरही त्यानंतर बंद पडला आणि सीड्या पलंगाखालच्या पेटीत गेल्या.

त्यातलं बरंच फोनवर मिळतं, पण सगळं नाही. जे मिळतं तेही आपलं नसतं. आज यादीत असलेलं गाणं उद्या गायब होतं आणि विचारायचं कुणाला, ते कळत नाही. पेटीतली सीडी कुणी काढून नेत नाही. शिवाय आत एक कागद असतो, त्यावर राग, ताल, साथीदार, सगळं छापलेलं. अब्बा तो कागद वाचत ऐकतात. आता त्यांचं वय झालंय, कानही पूर्वीसारखे राहिले नाहीत. म्हणजे हे काम पुढे ढकलण्यासारखं नव्हतं.

घरात अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आधीचेच आहेत. निवडायचा होता फक्त प्लेअर. त्यासाठी तीन वाटा होत्या. पहिली, माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर. त्यावर सीडी वाजते, पण आमच्याकडच्याला आकड्यांची पट्टीच नाही. कितवं गाणं चाललंय हे बघायला टीव्ही लावावा लागतो. दुसरी, नवा कोरा प्लेअर. चांगल्या कंपन्यांचे अजून मिळतात, पण माझं बजेट दहा हजारांचं. तिसरी, जुना, दुरुस्त केलेला. मी तिसरी धरली. कॉटन ग्रीनहून हार्बर लाइनने सँडहर्स्ट रोडला उतरलं की चोर बाजार चालत गाठता येतो. लॅमिंग्टन रोडच्याही दोन फेऱ्या झाल्या.

दुकानदार आपली चमकदार सीडी लावून दाखवतो. तिच्यावर जाऊ नये. मी घरून तीन न्यायचे. एक ओरखडे पडलेली. एक शाळेच्या काव्यवाचनाची, संगणकावर भरलेली. अशा सीडीवर जुने प्लेअर बरेचदा अडतात. आणि एक सत्तर मिनिटांच्या वरची. सीडी आतून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते, त्यामुळे तिचं शेवटचं गाणं अगदी कडेला असतं. लेन्स थकली असेल तर ती तिथे हमखास अडखळते. दोन यंत्रं मी याच परीक्षेत नापास केली.

दुसरी गोष्ट डॅकची. सीडीवर आवाजाचे आकडे असतात, सेकंदाला 44,100 वेळा मोजलेले. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग म्हणजे डॅक. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो असेल तर प्लेअरमधल्या डॅकसाठी जास्त पैसे मोजू नका. आमच्यात नाही, म्हणून प्लेअरमधला चांगला हवा होता. तिसरी गोष्ट हेडफोनची जागा आणि तिच्या शेजारी आवाजाचं बटण. बारा बाय दहाच्या खोलीत, भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असताना, रात्रीचं ऐकणं यावरच चालतं. चौथी, रिमोट. एखादा तुकडा पुन:पुन्हा वाजवायची सोय काही यंत्रांत फक्त रिमोटवरच असते. रिमोट हरवलेला असेल तर ती सोयही गेली.

ही सोय मला वर्गासाठीही हवी होती. उर्दूतला ज़ आणि मराठी 'जाड'मधला ज, उर्दूतला क आणि घशातून येणारा क़, हे फरक पोरांच्या कानात बसवायला एकच ओळ दहा वेळा ऐकवावी लागते. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर ही धार बोथट होते.

आमच्या एका मामूंनी मौसिकी जायज की नाजायज हा मुद्दा काढला. त्यावर उलमांमध्येच मतभेद आहेत, तो वाद मी कुठला सोडवणार! एका सहकारी बाईंचा प्रश्न मात्र मनात राहिला. त्यांनी कौतुकानेच विचारलं, "अय्या, तुमच्याकडे नाट्यसंगीत ऐकतात?"

'तुमच्याकडे'! 'स्वयंवर' नाटकाच्या चाली देणारे भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांकडे शिकले. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले; तिथल्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. आमच्या गिरणगावात लाल बावटा कलापथकाचा डफ घुमवणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक सीडी मागून नेली. आता त्यांच्याकडेही प्लेअर नाही, म्हणून माझ्याबरोबर लॅमिंग्टन रोडला यायचं म्हणतायत.

मी घेतलेला प्लेअर अव्वल नाही. ट्रे जरा आवाज करतो. पण कडेचं गाणं न अडखळता वाचतो, आणि दुकानदाराने आठ दिवसांत परत घ्यायचं कबूल केलं होतं, त्याची गरज पडली नाही. तुम्ही घेणार असाल तर आधी घरातल्या सीड्या बाहेर काढा. मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. छापील बाजूही जपा, कारण आवाज धरणारा थर तिच्याच लगेच खाली असतो. मग जे खरंच ऐकायचंय तेच बरोबर घेऊन दुकानात जा.