मापे आणि म्हणी

मापे कायद्याने बदलतात, परंतु ज्या भाषेत ती रुजलेली असतात तिला बदलण्यास अधिक काळ लागतो. भिलाईत राहणाऱ्याला याचा प्रत्यय पदोपदी येतो. येथील पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ साली झाला, मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली संमत झाला आणि पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. ही नगरी आणि देशातील नवी मापे अशी जवळजवळ समवयस्क आहेत.

तरीही जुनी मापे येथे सुखाने नांदतात. कारखान्यातील रूळ मीटरला ६० किलो या वजनाने ओळखला जातो. तो अंथरला जातो ती १६७६ मिलिमीटरची रुंदी मात्र साडेपाच फुटांचेच रूपांतर आहे. बिलावरील १० मिलिमीटरच्या सळईला गवंडी 'तीन सूत' म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुतांचे साडेनऊ मिलिमीटर भरतात आणि उरलेल्या अर्ध्याची तक्रार कोणी करीत नाही. दूध लिटरने येते, कापड मीटरने. घराची जागा मात्र चौरस फुटांत सांगितली जाते आणि माणसाची उंची फूट-इंचांत.

हा द्वैभाषिक व्यवहार सहज चालतो, कारण दोन्ही मापे वापरात आहेत. खरा प्रश्न वापरातून गेलेल्या मापांचा आहे. हिंदी शाळेत शिकणाऱ्या माझ्या नातीने 'शेरास सव्वाशेर' ऐकले, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे सिंह उभा राहिला. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, हे मी तिला सांगितले. तिला ते समजले. परंतु एका पारड्यात शेर टाकताच दुसरे पारडे सव्वाशेराने खाली जाते, ही त्या म्हणीतील गंमत ग्रॅमच्या आकड्यातून तिच्यापर्यंत पोचली नाही. सिंह आला की तोलण्याची कल्पनाच जाते आणि केवळ बळ उरते.

जुने मराठी ग्रंथ वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचीही हीच अडचण आहे. कोस, खंडी, पायली यांची आजची परिमाणे संपादक तळटीपेत देतात आणि ती दिलीच पाहिजेत. परंतु कोसभर चालताना किती वेळ जाई, पायलीभर धान्यात किती माणसे जेवत, हेही सांगितल्याखेरीज त्या शब्दांमागचे जगणे हाती लागत नाही. ज्यांनी ती मापे हाताळली ती पिढी आता विरळ होत चालली आहे. तिच्याकडून हे विचारून घेणे, हे शब्दार्थ देण्याइतकेच संपादनाचे काम आहे, असे मला वाटते.