लेकराला गर्दी नको, हक्काचे माणूस हवे



वस्तीत कोणाच्या घरी दुःखद घटना घडली की आपण सारे धावून जातो. त्या घरची चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या चार घरांतून भाकरी-पिठले जाते. मंडप, पाणी, चहा हे पोरे बघतात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तर विहारात पाय ठेवायला जागा नसते. ही आपल्या समाजाची मोठी शक्ती आहे आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु गेली वीस वर्षे महिला मंडळाच्या कामात जे पाहत आले, ते आज सांगावेसे वाटते. त्या गर्दीत सर्वांचे लक्ष कुंकू पुसलेल्या बाईकडे असते, म्हाताऱ्या आईकडे असते. लेकरू मात्र दाराआड उभे असते. कोणीतरी त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देते आणि म्हणते, ‘जा, बाहेर खेळ.’ पंधरा दिवसांनी माणसे आपापल्या कामाला लागतात. आणि लेकराचे खरे दुःख तेव्हाच सुरू होते.

मी काही डॉक्टर नाही की मास्तरीण नाही. बी.कॉम. झाले आणि इथे नांदुऱ्यातच एका अडत दुकानात जमाखर्च लिहिते. जे शिकले ते वस्तीतल्या लेकरांकडून, आणि थोडेफार वाचून.

आपल्या जिल्ह्याने अलीकडच्या वर्षांत पुष्कळ सोसले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा शाप तर बुलढाण्याला किती वर्षांपासून आहे. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि 25 माणसे गेली. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरच्या पहाटे आपल्या तालुक्यात वडनेर भोलजीजवळ रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर ट्रक गेला. ते मेळघाटातून पोटासाठी आलेले होते. पण घराघरात शिरलेले संकट म्हणजे कोरोनाचे. त्याची दुसरी लाट आपल्या अमरावती विभागात 2021 च्या फेब्रुवारीतच जाणवू लागली होती. त्या संकटाने लेकरांचे दोन बाजूंनी नुकसान केले. घरातले माणूस नेले, आणि जिथे दुःख विसरायचे ती शाळाही बंद. मार्च 2020 पासून पहिली-दुसरीच्या लेकरांना दीड वर्षाहून अधिक काळ वर्ग पाहायला मिळाला नाही.

आमच्या गल्लीतला एक मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. बाप हमाली करायचा. मार्चअखेर त्याला ताप आला, दवाखान्यात नेला, तो परत आलाच नाही. देहही घरी आणता आला नाही. मोठ्यांनी मुलाला सांगितले, ‘बाबा मुंबईले कामाले गेले.’ सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्याला वाचवावे असेच सर्वांना वाटत होते. पण तो मुलगा रोज संध्याकाळी स्टेशनच्या कुंपणाशी जाऊन उभा राहू लागला. मुंबईकडून येणारी गाडी गेली की घरी यायचा. जेवायचा नाही, बोलायचा नाही. घरात मोठी माणसे कुजबुजली की तोंड फिरवून बसायचा.

दोन महिन्यांनी त्याच्या आजीनेच त्याला जवळ घेतले. मी तिथेच होते. तिने साध्या शब्दांत सांगितले, ‘बाबू, तुझा बाप मेला. आजाराने मेला. तो आता येणार नाही. मी आहो, तुझी माय आहे.’ पोरगा खूप रडला. आजीने त्याला रडू दिले. मग डोळे पुसून त्याने विचारले, ‘बाबाची सायकल आता कोणाची?’ बायकांना ते ऐकून कसेसेच झाले. पण लेकरे अशीच विचारतात. सायकल कोणाची, म्हणजे आता आपले कसे होणार, हाच तो प्रश्न होता. आठवडाभराने तो माझ्याजवळ हळूच म्हणाला, ‘मावशी, मी त्या दिवशी कुल्फी मांगली होती. बाबानंही खाल्ली. म्हणून त्याले ताप आला काय?’ दोन महिने हे ओझे त्या एवढ्याशा जिवाने एकट्याने वाहिले होते! मी त्याला सांगितले, कुल्फीने कोरोना होत नाही, तुझी काहीच चूक नाही. हे एकदा सांगून भागले नाही. पाच-सहा वेळा त्याने फिरून फिरून विचारले आणि पाच-सहा वेळा तेच उत्तर द्यावे लागले. स्टेशनवर जाणे मात्र त्याने आपसूक सोडले.

म्हणून पहिली गोष्ट, लेकराशी खोटे बोलू नये. ‘झोपला’, ‘गावाला गेला’, ‘देवाला आवडला’ असे सांगू नये. झोपला म्हटले तर लहान मूल झोपायला भिते. वयाला समजेल एवढेच सांगावे, पण खरे सांगावे. तथागतांनी किसा गोतमीला मोहरीचे दाणे आणायला पाठवले, तेव्हा तिच्या मृत मुलाबद्दल तिची खोटी समजूत काढली नाही. घरोघर हिंडून तिलाच सत्य समजू दिले. ही कथा आपण विहारात ऐकतो. लेकरांच्या बाबतीत ती विसरू नये.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लेकराला दहा दिवस पन्नास माणसे नकोत, वर्षभर एक माणूस हवे. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई गेल्या तेव्हा ते जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते. त्यांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. सिद्धार्थाची माता महामाया त्याच्या जन्मानंतर सातव्या दिवशी गेली, महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवले. ही नावे आपण जयंतीच्या भाषणात घेतो, पण त्यांतला बोध घेत नाही. आई गेलेल्या लेकराच्या आयुष्यात एक आत्या, एक मावशी पाय रोवून उभी राहिली की काय घडते, हे त्यांत आहे.

बाहेरच्या जगातही हेच दिसून आले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लाखो मुलांना सुरक्षित राहावी म्हणून आईबापांपासून दूर खेड्यांत पाठवले गेले. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी तिथे मुलांचे संगोपनगृह चालवत होत्या. त्यांच्या लक्षात आले की बॉम्बच्या आवाजापेक्षा आईची ताटातूट लहान मुलांना अधिक जाळते. जवळचे मोठे माणूस धीराचे असेल तर मूलही धीर धरते. पुढे अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. गरिबी, भांडणे, आजारपण अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कर्ती-सवरती निघाली. अशा मुलांना आईबाप नाही तर आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असे निदान एक तरी भरवशाचे माणूस लाभलेले होते. त्या माणसाजवळ पैसा होता असे नव्हे, ते टिकून राहिले होते.

आपल्या महाराष्ट्रात किल्लारीचा भूकंप झाला तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवले. नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे राहिले. हे मोठे काम होते आणि घरे-शाळा जमीनदोस्त झालेल्या त्या प्रसंगी ते आवश्यक होते. परंतु आपल्या वस्तीत एखाद्या घरी मृत्यू झाला तर बहुतेक लेकरांची आई, आजी, काका, मामा कोणीतरी असतेच. मग त्याला आश्रमशाळेत टाकण्याची घाई कशासाठी? त्या आजीचेच हात बळकट केले तर लेकरू आपल्या घरी, आपल्या शाळेत, आपल्या सवंगड्यांत राहील. बाप गेला, त्यापाठोपाठ गाव, शाळा आणि मित्रही गेले, तर त्याच्याजवळ राहिले काय?

हे ‘एक माणूस’ काय करते? फार काही नाही. आमच्या मंडळातली एक भगिनी शेतमजूर आहे, तिला लिहिता-वाचता येत नाही. ती दर रविवारी अशाच एका मुलीच्या डोक्याला तेल लावायची, वेणी घालायची आणि जे बोलेल ते ऐकून घ्यायची. दोन वर्षे एक रविवार चुकवला नाही. मुलगी तिला सर्व सांगायची. दुसरा एक रिक्षावाला भाऊ त्याच्या मित्राच्या मुलाला रोज सकाळी शाळेच्या फाटकात सोडायचा. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ, एवढेच पुरेसे असते. जग उलटेपालटे झालेल्या मुलाला रविवारी मावशी येणारच, ही खात्री फार मोठी वाटते. मात्र जमत नसेल तर शब्द देऊ नये. दोनदा येऊन तिसऱ्यांदा न येणारा माणूस लेकराला नव्याने पोरके करतो.

शाळा, खेळ, जेवण, झोप यांची घडी शक्य तितक्या लवकर बसवावी. मूल खेळताना हसले तर ‘बाप मेला आणि हा हसतो’ असे म्हणू नये. लेकरे दुःखातून घटकाभर बाहेर येतात, खेळतात, पुन्हा दुःखात शिरतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘आता तूच घरचा कर्ता’ असेही म्हणू नये. त्या एका वाक्याने किती पोरे वही ठेवून हॉटेलात कपबशा धुवायला गेली!

मदत देताना फोटो काढण्याची हौस आवरावी. एका संस्थेने आमच्याकडे धान्याच्या किटचे वाटप केले. सहावीतल्या मुलाला पिशवी धरून बॅनरपुढे उभे केले. तो फोटो साऱ्या गावाच्या मोबाईलवर फिरला. मुलगा चार दिवस शाळेत गेला नाही. म्हणाला, ‘पोरं मले किटवाला म्हणतात.’ बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान शिकवला, तो लेकरांनाही असतो. पिशवी अंधार पडल्यावर घरी नेऊन दिली तर धान्य काही कमी होत नाही.

मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. बाप गेला की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे ‘उरकून टाकू’ अशी भाषा सुरू होते. आईच्या डोक्यावरचे ओझे हलके होईल असे नातलगांना वाटते. आम्ही चौघी जणी अशा एका घरी गेलो, भांडलो नाही. वही-पुस्तकांचा आणि एसटीच्या पासचा वर्षाचा खर्च कागदावर मांडला आणि तो कोण कसा उचलणार ते ठरवले. मुलगी बारावी झाली. आईला उपदेश नको होता, हिशेब जुळवून हवा होता.

आता कारकुनी कामाबद्दल. दुःखाच्या घरात कागद शोधण्याचे त्राण कोणात नसते आणि मुदती मात्र थांबत नाहीत. म्हणून एका घरामागे एका शिकलेल्या माणसाने एक फाईल करावी. तीत मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे पासबुक असावे. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच आहे का ते बघावे, निम्मी प्रकरणे तिथेच अडतात. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा बाप एकच हयात असलेल्या मुलालाही मदत मिळू शकते. तिची रक्कम 2023 मध्ये महिना 1100 वरून 2250 रुपये झाली. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा, आदेश बालकल्याण समिती देते. कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने 2021 मध्ये पाच लाख रुपयांच्या मुदत ठेवीची योजना आणली होती, केंद्राची दहा लाखांची वेगळी होती. ज्यांच्या नावे ती ठेव आहे त्यांचे कागद जपून ठेवायला सांगावे. आणि ‘अनाथ बाळ आहे, दत्तक घ्या’ असे निरोप मोबाईलवर आले तर पुढे पाठवू नयेत. 2021 मध्ये असे निरोप खूप फिरले. कायद्याबाहेर मूल देणे-घेणे हा गुन्हा आहे. अशा वेळी 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवावे.

काही दुःख मात्र आपल्या आवाक्याबाहेरचे असते. अंथरूण ओले होणे, पोट दुखणे, चिडचिड हे सुरुवातीला होतेच, त्यासाठी मुलाला मारू नये. पण महिना-दोन महिने उलटूनही मूल झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, तर डॉक्टरला दाखवावे. ‘मलाही मरायचे’ असे म्हणत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये आणि त्याला एकटे सोडू नये. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते. अंगारे-धुपारे, मांत्रिक यांच्या नादी लागू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे सांगायची गरज पडू नये, पण संकटात पाय घसरतो, म्हणून सांगितले.

शेवटी एक विनंती. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदना झाल्यावर अर्धा तास द्या. आपल्या वस्तीत गेल्या काही वर्षांत आई किंवा बाप गमावलेली लेकरे किती, याची यादी करा. बाहेर चिकटवायची नाही, सचिवाच्या वहीत ठेवायची. प्रत्येक लेकराच्या नावापुढे त्याला जो आवडतो, ज्याच्याकडे ते आपणहून जाते, अशा एका मोठ्या माणसाचे नाव त्याच्या आईला विचारून लिहा. कोणताही मोठा माणूस लेकराला चोरून भेटणार नाही, घरच्यांना माहीत असेल तेव्हाच भेटेल, हा नियम पाळा. ज्या लेकराच्या नावापुढची जागा रिकामी राहील, त्याची काळजी आधी करा. त्या जागेवर तुमचे नाव लिहिता येईल का, ते घरी जाऊन विचारात घ्या.

जयभीम.