कणकुंबीचा माथा

बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्यास जाणाऱ्या प्रवाशास सह्याद्री केव्हा लागला, हे सहसा कळत नाही. भातशेते व राने मागे पडतात, कणकुंबी येते, आणि थोड्याच वेळात वाट एकाएकी खोल उतरू लागते. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेली ही रांग खालून भिंतीसारखी दिसते खरी. परंतु या भागात ती स्वतंत्र पर्वत नसून दख्खनच्या पठाराची तुटलेली कडा आहे.

या कडेत दोन युगांचे खडक भेटतात. उत्तरेकडील काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून थरावर थर वाहिलेला लाव्हारस होय. बेळगावच्या आसपास ही चादर संपत येते व तिच्याखालचे धारवाडी खडक उघडे पडतात. त्यांचे वय २५० कोटी वर्षांहून अधिक. गोव्याचे लोहखनिज त्यांतलेच.

कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेस जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते व तिचे पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. एकाच ढगातील दोन थेंबांची येथे कायमची ताटातूट होते. पश्चिमेच्या ओढ्यांस थोड्या अंतरात समुद्रसपाटी गाठावयाची असते. म्हणून त्यांचा वेग मोठा, आणि तेच ही कडा पूर्वेकडे कोरीत नेतात. निसर्ग हे काम लक्षावधी वर्षे करीत आला आहे.

मनुष्यास इतका धीर नाही. म्हादईस मिळणाऱ्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळविण्याची योजना निघाली आणि दोन राज्यांत वाद पेटला. २०१८ साली लवादाने कर्नाटकास १३.४२ अब्ज घनफूट पाण्याचा वाटा दिला. तरीही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

हुबळी-धारवाडच्या गृहिणीची रिकामी घागर खरी आहे. गोड्या पाण्याचा ओघ घटल्यास भरतीचे खारे पाणी नदीत वर चढेल, ही गोव्याच्या शेतकऱ्याची धास्तीही खरी आहे. पण पावसाळा सरल्यावर दोन्ही नद्यांस जगविते ते या माथ्यावरील रानाच्या मातीत मुरलेले पाणी. वाटणीचा निवाडा न्यायालय देईल. रान राखणे मात्र दोन्ही उतारांवरील लोकांचे समाईक कर्तव्य आहे.