मला थंडी सोसत नाही

गेल्या डिसेंबरात मला प्रमोशन मिळता मिळता राहिलं. बँक प्रमोशनबरोबर दोन गोष्टी देते : अधिकाऱ्याची खुर्ची आणि त्या खुर्चीचा लांबचा पत्ता. साहेबांनी बोलावून विचारलं, "काय, उत्तर की दक्षिण?" जणू देशाची वाटणी चालली होती आणि मला तुकडा निवडायचा होता.

दुपारी डबे उघडले आणि हवामान परिषद भरली.

नुकतेच काश्मीरची सहल करून आलेले हेडकॅशियर म्हणाले, "तिथं थंडीसुद्धा बँकेच्या नियमानं चालते. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्ला-ए-कलान, मग २० दिवस चिल्ला-ए-खुर्द, मग १० दिवस चिल्ला-ए-बच्चा. तीन मुदत ठेवी! मुदतीआधी एकही मोडता येत नाही." तिथं म्हणे फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. माझ्या हातून चहाचा कप धड राहत नाही. पोटाशी निखारे धरून मी कुणाचं कर्ज मंजूर करणार?

दिल्लीत तीन वर्षं काढलेले अकाउंटंट म्हणाले, "पुण्याची थंडी ही थंडी आहे का? पहाटे १० अंश, दुपारी २८! सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. दिल्लीत धुकं बसलं की सूर्य दिवसच्या दिवस रजेवर. तीही भरपगारी!"

"मग चेन्नई मागा," लॉकर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांची बहीण तिथं असते. "थंडी नाहीच. फक्त ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस. आपण छत्री माळ्यावर टाकतो, तेव्हा ते खाली काढतात. आणि जानेवारीत पहाटे २० अंश झाले, की फिरायला जाणारे कानटोप्या घालतात."

२० अंशाला कानटोपी! आम्ही पोट धरधरून हसलो. हवामान खातं मात्र अशा बाबतीत हसत नाही. मैदानी भागात पारा १० अंशांपर्यंत उतरल्याशिवाय ते थंडीच्या लाटेचं नाव काढत नाही. डोंगराळ भागात त्यासाठी शून्य गाठावं लागतं, किनाऱ्यावर मात्र १५ अंशही पुरतात. शिवाय तो नेहमीपेक्षा बराच खाली गेलेला हवा. म्हणजे घरभाडे भत्त्यासारखे थंडीचेही गावागणिक दर आहेत! आणि बदलीचं म्हणाल, तर खुद्द या खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात बदलून आलं. ते १९४४ साली दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरची ती इमारत अजून 'सिमला ऑफिस'च आहे. बदली झाली, तरी काहीतरी मागं राहतंच.

माझ्या मागं आई राहणार होती. ती ऐंशीला टेकलेली. तिचे गुडघे हवामान खात्याच्या एक दिवस आधी थंडीचा अंदाज देतात. मी दक्षिण मागायचं ठरवलं, तोच साहेब म्हणाले, "दक्षिणेत जागा नाही हो. दिल्लीच्या वर कुठंतरी." आईला न्यावं तर तिथली थंडी तिला सोसणार नाही. ठेवून जावं, तर मला सोसणार नाही.

मी नकार लिहून दिला. कारण : प्रकृती.

रात्री आईनं विचारलं, "कां रे नाही म्हणालास? चांगला साहेब झाला असतास."

"मला थंडी सोसत नाही," मी म्हटलं.

तिला ते लगेच पटलं. "नाहीच सोसत. लहानपणी सारखी छाती भरायची तुझी." दुसऱ्या दिवशी तिनं उरलीसुरली लोकर काढली आणि दुखऱ्या बोटांनी आठ दिवसांत मला कानटोपी विणून दिली. मरून आणि पोपटी.

आता फेब्रुवारी संपत आलाय. दुपारचे ३३ अंश आहेत, पंखा पाचावर आहे. आई समोरच बसली आहे, म्हणून मी कानटोपी घालून हा लेख लिहितो आहे. चेन्नईच्या त्या लोकांना हसलो, त्याबद्दल त्यांची मनापासून माफी मागतो. त्यांच्याही घरी कुणीतरी विणत असेल.